कोंबड्याने घातलेलं अंडं

"दिवाण न्यायाधीशांच्या कानाला लागतो म्हणता? मग सिद्ध करा!" वेळूगडच्या राजाने भर सभेत हट्ट धरला. अट अशी, की दिवाणाला किंवा न्यायाधीशांना एकही प्रश्न विचारायचा नाही. आणि नाही जमलं, तर यापुढे सभेने न्यायालयाचं नावही काढायचं नाही.

या सभेत प्रत्येक पेठेतून एक माणूस बसे. दिवाणाचा मेहुणा रंगराव आजवर एकही खटला हरला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नुकतीच त्याने कुंभारांची मातीची खाण गिळली होती. पण दिवाण ना कधी न्यायालयात जाई, ना कागदावर काही लिही. त्याचा सारा कारभार कुजबुजीवर. ती पकडून आणायची कशी? भलेभले सभासद नुसती पागोटी सावरू लागले.

कोष्टी पेठेची सगुणा मात्र उभी राहिली. "मी आणते," म्हणाली आणि खाली बसली. डोक्यात तर काहीच नव्हतं.

ती घरी आली, तर तिची कोंबडी कुंपणावरून उडून शेजारी रंगरावाच्या अंगणात अंडं घालून आलेली. रंगरावाकडे कोंबडी नव्हतीच, होता तो झुंजीचा एकच कोंबडा. सगुणा अंडं मागायला गेली, तर रंगराव मिशीवर ताव देत म्हणाला, "अंगण माझं, कोंबडा माझा, तेव्हा अंडंही माझंच."

सगुणाने कसंबसं हसू दाबलं. तडक जाऊन तिने फिर्याद ठोकली.

खटला उभा राहिला. न्यायाधीश अप्पाशास्त्री खाकरले, छताकडे बघत राहिले आणि मग त्यांनी निकाल दिला, की अंडं रंगरावांच्या कोंबड्यानेच घातलं आहे.

पुढच्या सभेत सगुणाने तो कोंबडा मागवून घेतला आणि सिंहासनासमोर सोडला. कुणालाही काही विचारणार नाही, असं तिने आधीच सांगून टाकलं. "महाराज, निकाल आपल्या नावाने लागलाय. तो खरा ठरायला हवा. कोंबड्याने इथे एक अंडं घालावं, आणि तोवर न्यायाधीशसाहेबांनी त्याच्याजवळ थांबावं."

राजाने तसा हुकूम दिला. कोंबडा ऐटीत फिरला, आरवला, दिवाणाच्या जोड्यावर चढून बसला. अप्पाशास्त्रींनी त्याच्यासाठी गवत अंथरलं, दाणे टाकले, त्याला चुचकारलं. दुपार कलली. हसून हसून सभा गालिच्यावर लोळायची बाकी राहिली. शेवटी घामाघूम अप्पाशास्त्रींनी हात जोडले.

"महाराज, हा काही अंडं घालायचा नाही. दिवाणजींनी त्याला कुठे सांगितलंय? सांगितलं होतं ते मला!"

राजा इतका हसला की मुकुट कानावर आला. हसतहसतच त्याने फर्मावलं, की कुंभारांचा खटला नव्या न्यायाधीशापुढे चालेल आणि इथून पुढे सभा बोलावील तेव्हा दिवाणाने येऊन उत्तर द्यायचं. मग हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने सगुणाला दिलं. ते तिला फारच सैल होतं, पण तिने ते दंडात चढवलं आणि ती झोकात घरी गेली.