अक्षता टाकणारा हात

“फोडला? अगं, कॅमेराच फोडला?”

नळावर एवढंच कानावर आलं. बंदेनवाजचाचांनी चेल्याचा नवाकोरा कॅमेरा आपटला, त्याला हाकलून दिलं आणि... पुढचं ऐकायच्या आत सांगणारीची घागर भरली.

मग मला कसलं चैन! चाचांचा फोटो स्टुडिओ आमच्या शेजारीच. विरजणाची वाटी घेऊन गेले.

चेला प्रज्योत उभा होता. कॅमेरा गळ्यात, धडधाकट. चाचा स्टुलावर बसून रिकाम्या फ्रेमची काच पुसत होते.

“या वहिनी. आज चहा नाही.”

रेणुकाच्या लग्नाला प्रज्योत एकटाच गेला होता. “उस्ताद, तुम्ही बसा घरी. माझा हा कॅमेरा फोटोही काढतो, व्हिडिओही. दोन माणसं कशाला?” असं म्हणून.

पुढच्याच आठवड्यात रेणुकाचे वडील गेले. उद्या तेरावं. लेकीला त्यांचा हसरा फोटो हवा होता. माणूस जन्मभर कॅमेऱ्यापासून पळालेला. आधार कार्डावरचा तेवढा फोटो, त्यात चोर दिसतो.

“अक्षता टाकताना हसले होते ना?” चाचांनी विचारलं.

“हसले की. हे बघा.”

त्याने व्हिडिओ लावला. हॉलमध्ये उजेड नसूनही चेहरा कसा लख्ख! हात वर गेला, अक्षता उडाल्या, माणूस खळखळून हसला. माझा पदर डोळ्यांना लागला.

“आता थांबव.”

थांबवला. चेहरा फिसकटलेला. रांगोळीवरून कुणाचा पाय फिरावा तसा.

“मागे घे. पुढे घे.”

सगळीकडे तसाच.

“व्हिडिओत हालचाल सलग दिसायला शटर सावकाश ठेवावं लागतं, उस्ताद. थांबवलं की हललेलं पुसट येतंच.”

“माहीत होतं तुला?”

“...हो.”

“मग फोटो?”

“त्यासाठी रेकॉर्डिंग थांबवावं लागलं असतं. मंगलाष्टका चालू होत्या. क्षण गेला असता.”

“मग आता आहे म्हणतोस?”

प्रज्योत एकदम उसळला, “तुमच्या जुन्या कॅमेऱ्यात त्यांच्या हसण्याचा आवाज आला असता का?”

“नसता आला. अजिबात नसता.”

“म्हणजे माझा कॅमेरा वाईट नाही.”

“गुणी आहे. मी त्याला कुठे काय म्हटलं?”

चाचा उठले. पुसलेली रिकामी फ्रेम त्याच्या हातात दिली, खांद्याला धरून त्याला दाराबाहेर काढलं. कॅमेरा फुटलाच नव्हता. हाकलणं मात्र आता खरं झालं, माझ्या डोळ्यांदेखत.

“जा. रेणुकाला नेऊन दे.”

“रिकामी? उस्ताद, ती विचारेल, बाबा कुठे आहेत...”

चाचांनी दार ओढून घेतलं. आतूनच म्हणाले,

“सांग, अजून हलतायत.”