साळिंदराची दोन जाती

फार वर्षांपूर्वी एका डोंगरी खोऱ्यातले प्राणी हातानं दळून दमले होते. तेव्हा साळिंदर नावाजलेला सुतार होता. भाद्रपदातली दुथडी भरलेली नदी दाखवून तो म्हणाला, "इथं बांध घालू. पाण्याच्या जोरावर दळणाची आठ जाती फिरतील!"

म्हातारं कासव म्हणालं, "साळिंदरभाऊ, उन्हाळ्यातली नदी बघा, मग आकडा ठरवा."

साळिंदराला राग आला, पण वैशाखात तो नदीकाठानं खाली चालत गेला. नदीची बारीक धार उरली होती. ती एका डोहात पडत होती आणि तिथं पाणमांजर तीन पिल्लांना घेऊन बसली होती.

"बांध तुम्हीच घालणार ना?" तिनं विचारलं. "मग आधी सांगा. हा डोह आटला तर दुसरा शोधायला हवा, आणि पिल्लांना अजून लांब चालवत नाही."

साळिंदर दुपारभर ती धार बघत बसला.

परत येऊन त्यानं प्राण्यांच्या सभेत सांगितलं, "आठ जाती पावसाळ्यापुरतीच फिरतील. उन्हाळ्यात त्यांच्यासाठी पाणी अडवलं, तर खालचा डोह आटेल. दोनच बसवू, आणि जाती फिरवणाऱ्या चाकावरून गेलेलं पाणी लगेच नदीत सोडू."

"म्हणजे दळणाला रांग लागणार!" ससा कुरकुरला.

"लागेल," साळिंदर म्हणाला. "रांगेत शेवटी मी उभा राहीन."

पुढच्या वैशाखात रांग पार काठावरच्या आंब्याच्या झाडापर्यंत गेली. शेवटी साळिंदर पायलीभर धान्य डोक्यावर घेऊन उभा होता, दोन्ही जाती फिरत होती, आणि खाली डोहात धार पडत होती.