चौघांचे घर

एका राज्यात अठरा वर्षे लढाई चालली होती. राजाच्या आजोबाने एका मांत्रिकाची तलवार चोरून आणली होती, आणि मांत्रिकाने शाप दिला होता, की ही तलवार म्यानात जाणार नाही. तिच्यापायी जो पडेल त्याचे शेवटचे बोल साळुंकी होऊन घरी येतील, आणि घरचे त्यांनाच धरून बसतील.

तसेच झाले. नदीकाठी शिपाई पडे, तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी साळुंकी येई आणि त्याच्याच आवाजात बोले. लोकांना सवय झाली. भिंतीत खुंटी ठोकावी, वाटीत दाणे घालावेत, पाखराला घरच्या माणसांत मोजावे, आणि ते बोलते आहे तोवर गेलेल्याला मेला म्हणू नये, अशी रीत पडली.

घोंगड्या विणणाऱ्या भिवरा नावाच्या बाईच्या घरी अशा दोन साळुंक्या होत्या. थोरला मुलगा चिमाजी म्हणे, "पाणी गार आहे." मधला मानकू म्हणे, "आईला आत्ताच सांगू नका." धाकटा सोयरोबा तेवढा जिवंत होता. तो मागावर बसून भावांना उत्तरे देई.

"सांगायचे नाही तर रोज पहाटे ओरडतोस कशाला रे?" तो मानकूला विचारी, आणि भिवरा हसू दाबी.

एके दिवशी सभा भरली.

सेनापती म्हणाला, "महाराज, नदीच्या घाटावर माणसे उरली नाहीत. सोळा वर्षांवरचा प्रत्येक गडी द्या."

वृद्ध न्यायाधीश म्हणाला, "नांगर कोण धरील? ज्याला यायचे त्याने यावे, हा आपला जुना नेम."

"ज्यांना यायचे होते ते खुंटीवर बसले आहेत," सेनापती म्हणाला.

तेव्हा प्रधान उठला. "मधला मार्ग घ्यावा. ज्या घरात तीन किंवा अधिक माणसे, त्याने एक द्यावा. लहान घराला हात लावू नये."

"आणि ज्यांनी आधीच दिले?"

"मोजणी आजच्या माणसांची होते, न्यायाधीश महाराज. कालच्यांची कशी करायची?"

हात वर झाले. ज्यांचे हात वर झाले, त्यांची घरे मोजणीतून वगळलेली होती.

दुसऱ्या दिवशी, दवंडी पोचण्याआधीच मोजणीदार भिवराच्या अंगणात आला. ती लोकर पिंजत होती.

"माई, घरात किती जण?"

"चौघे," ती सवयीने म्हणाली.

आतून मानकूचा आवाज आला, "आईला आत्ताच सांगू नका." मोजणीदाराने चार लिहिले आणि तो पुढच्या घरी गेला.

संध्याकाळी सोयरोबाच्या नावाचा हुकूम आला. भिवरा सकाळी सभेत जाऊन उभी राहिली.

"महाराज, आम्ही दोघेच आहोत. बाकीची पाखरे आहेत."

"बाई, चौघे तुम्हीच म्हणालात," प्रधान म्हणाला. "राजाच्या कागदावर पाखरू लिहिता येत नाही. जिवंत किंवा मेलेला, एवढेच लिहिता येते."

राजा क्रूर नव्हता. तो म्हणाला, "माझे दोन मुलगे मेले, एवढे म्हण. हुकूम फाडतो."

भिवराने तोंड उघडले. सभा थांबली. सकाळीच तिने दोघांना दाणे घातले होते. चिमाजीने बोटाला चोच लावली होती. तिने पदराचे टोक मुठीत धरले. राजाने पुष्कळ वाट पाहिली, मग मान खाली घातली.

"पुढचे घर," प्रधान म्हणाला.

सोयरोबा निघताना म्हणाला, "आई, तिसरी खुंटी ठोकू नकोस. भिंत जुनी आहे."

"गप जा," ती म्हणाली आणि तिने भाकरी बांधून दिली.

तो दिसेनासा झाल्यावर ती तलवारीच्या मांत्रिकाला शोधायला उलट्या दिशेने डोंगराकडे चालू लागली. सहाव्या दिवशी मांत्रिक भेटला. तो फार म्हातारा झाला होता आणि शेळीची धार काढत होता.

"शाप माझा आहे," तो म्हणाला, "पण मोडायचा तुम्हीच. तीन कामे आहेत. दाण्यांची वाटी पालथी घाल. खुंट्या उपट. आणि भर सभेत म्हण, माझे मुलगे मेले."

"माझा धाकटा परत येईल?"

"लढाई थांबेल. त्यापुढचे मला दिसत नाही."

भिवरा घरी आली. तिने वाटी पालथी घातली. साळुंक्यांनी आपापले बोल म्हटले आणि तिच्याकडे पाहिले. तिने खुंट्या उपटल्या. साळुंक्या मागावर जाऊन बसल्या. मग ती सभेत गेली. भर दुपार होती.

"माझे दोन मुलगे मेले," ती म्हणाली. "चिमाजी मेला. मानकू मेला."

राजापुढची नागवी तलवार उठली आणि म्यानात गेली. त्याच क्षणी राज्यातल्या सगळ्या साळुंक्यांची वाचा गेली.

शत्रूने तंबू उतरवले. घोडे नांगराला जुंपले गेले, मोजणीचे कागद जाळले गेले, आणि न्यायाधीशाने जुना नेम पुन्हा दगडावर कोरून घेतला. काही बायांनी भिवराला पाहून दार लावले. त्यांच्या घरी आता नुसती पाखरे होती. पण त्याही शेतावर जाऊ लागल्या. राज्याची कहाणी इथे सुफळ झाली.

सभेतून निघून भिवरा दोन दिवस वेशीवर बसली होती. माणसे परतत होती. सोयरोबा त्याच सभेच्या दिवशी पडला होता, सकाळी, तिने ते शब्द म्हणण्याआधी.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली, तेव्हा मागाच्या कडेला एक नवी साळुंकी बसलेली होती. भिवरा तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"बोल," ती म्हणाली.

साळुंकीने चोच उघडली आणि कुठल्याही झाडावरची साळुंकी ओरडते तशी ती ओरडली.

"हळू बोललास तरी चालेल," भिवरा म्हणाली.

साळुंकी दिवसभर ओरडत राहिली, आणि भिवरा दिवसभर ऐकत राहिली.