तिकिटाखालची ओळ

पोस्टमनची वाट बघायचे दिवस होते, तेव्हाची गोष्ट. सिंधूच्या सासरी आलेलं पत्र आधी घरातले सगळे वाचत, म्हणून द्वारकाने या धाकट्या बहिणीला सांगायचं खरं बोलणं पेन्सिलीने पाकिटाच्या कोपऱ्यात लिहिलं आणि वर जांभळं तिकीट चिकटवलं. सिंधू ते सोडवून बघेल, असं तिला वाटलं. “सांभाळ रे बाबा,” ती तिकिटाला म्हणाली.

तिकिटाने सांभाळलं. आतलं कोरडं पत्र वाचून सिंधू मात्र रुसली, ती कायमचीच.

चाळीस वर्षांनी सिंधूला तिकिटं जमवायचा नाद लागला. तिने जुन्या पाकिटांचे कोपरे कापून पाण्यात टाकले. बाकीची तिकिटं भराभर सुटली. जांभळं काही हलेना.

“सोड की आता,” शेजारचं तिकीट म्हणालं.

“छे! माझ्याखाली गुपित आहे. आजवर कुणाला दिसू दिलं नाही.”

“पण ते होतं कुणासाठी?”

जांभळ्या तिकिटाने वर सिंधूकडे बघितलं. मग त्याने कागद सोडला.

‘सिंधे, तुझ्यावाचून घर खायला उठतं गं. एकदा येऊन जा. – अक्का.’

सिंधूने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग तिने अक्काला चार पानं लिहिली. पाकिटावर नवं तिकीट लावलं. जांभळं तिकीट पाण्यातून बघत होतं. नव्या तिकिटाखाली तिने काहीच लिहिलं नाही.