धनेशाचा चुकलेला फेरा

डोंगरउतारावरच्या एका रानात एक धनेश राहत असे. चोच मोठी, पंख मोठे आणि जिवाची घाई त्याहून मोठी. एका फांदीवर तो धड बसत नसे.

मुलांनो, धनेशांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ झाली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून चिखलाने लिंपून घेते. चोचीपुरती एक फट तेवढी ठेवते. आत तिची पिसे गळतात, त्यामुळे यायचे म्हटले तरी तिला बाहेर येता येत नाही. नराने फळ आणले तर तिचे आणि पिल्लांचे जेवण; नाही आणले तर उपास. म्हणून जुने धनेश रोज सकाळी रानातून एक फेरा मारत. पोट भरलेले असले तरी मारत. उंबर, नांदरूक, वड, जांभूळ, सगळ्यांना भेटून येत. रानातली झाडे एकदम पिकत नाहीत. आज एक, तर उद्या दुसरे. कोणते कधी पिकेल, हे फेरा मारणाऱ्यालाच कळते.

आपला धनेशही फेरा मारी. पण त्या साली त्याची पहिलीच पिल्ले. एके दिवशी ढोलीजवळचे उंबराचे झाड वानरांनी पार ओरबाडून टाकले. या फांदीवरून त्या फांदीवर तो उगाच उड्या मारू लागला.

तेवढ्यात एक कावळा तिथे आला. "काय दादा, पायाला चटका बसलाय का?"

"पिल्लं लहान आहेत रे. उद्या झाडांनी दिलं नाही तर?"

"झाडांच्या मर्जीवर कशाला राहतोस?" कावळा हसला. "डोंगरापलीकडे फळांची पेठ आहे. समुद्रापलीकडून जहाजाने माल येतो तिथे. जरा डाग पडला की माणसं मागच्या अंगणात फेकतात. कच्चं-पिकलं बघायचं कामच नाही. रोज पिकलेलंच."

धनेश कावळ्याच्या मागे गेला. खरोखरच तिथे ढीग पडले होते. लालबुंद सफरचंदे होती, बिनबियांची द्राक्षे होती, आणि प्रत्येक सफरचंदावर एक चकचकीत कागद चिकटवलेला. चाखून पाहिले, तर गोड लागले. उगाच कशाला खोटे बोला, चांगलेच गोड होते. त्याने गळा भरून घेतला आणि घर गाठले.

ढोलीच्या फटीतून धनेशीण म्हणाली, "अहो, हे कुठलं फळ? याला आपल्या रानाचा वास नाही."

"लांबचं आहे. खा तू. मला परत जायचंय."

"बसा की घटकाभर. पिल्लू आज पहिल्यांदाच ओरडलंय, ऐका तरी."

पण तो केव्हाच उडाला होता. पेठ लांब होती. जायचे, यायचे, पुन्हा जायचे. फेऱ्याला सवड उरली नाही, आणि गरज तरी कुठे होती? ढोलीखाली पूर्वी रानातल्या फळांच्या बिया पडत. आता तिथे चकचकीत कागद साचू लागले.

आणि एके सकाळी पेठेमागचे अंगण रिकामे दिसले. झाडून-पुसून काढल्यासारखे.

"माल कुठे गेला?" धनेशाने विचारले.

"जहाज आलं नाही," कावळा म्हणाला.

"का नाही आलं?"

"ते इथे कुणाला ठाऊक! लांबची गोष्ट आहे."

"मग केव्हा येईल?"

"तेही लांबच्यांनाच ठाऊक. माझं काय दादा, मी उकिरड्यावर भागवीन. तुझं तू बघ." एवढे बोलून कावळा खरकट्याच्या डब्याकडे निघून गेला.

धनेश रानाकडे सुटला. उंबरावर आला, तर फळे हिरवीगार. नांदरुकावर गेला, तर ते पिकून, झडूनही गेले होते. खाली नुसता सुकलेला चोथा. जांभळाला अजून अवकाश होता. त्याचे स्वतःचे रान, पण परक्या गावात पत्ता हुडकावा तसा तो फिरत होता. दिवस कलला. ढोलीकडे परतला तेव्हा त्याचा गळा रिकामा होता. आतून पिल्लांचा आवाज येत होता. सकाळी मोठा होता, आता बारीक झाला होता.

फटीतून चोच बाहेर आली. तिने वाट पाहिली. मग हळूच आत गेली.

"मिळेल," धनेश म्हणाला. "आणखी एकदा जातो. त्या अंगाला जातो, नाहीतर..."

"अहो, थांबा. थांबा जरा."

"थांबायला वेळ कुठे आहे?"

"तुम्ही थांबत नाही म्हणून तर सांगायचं राहतं," धनेशीण म्हणाली. "मी इथे कोंडलेली. दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. ओढ्यापलीकडे हरियाल कबुतरांचा गलका चाललाय. काल होता, आज दुप्पट आहे. हरियाल कशासाठी जमतात?"

कितीतरी दिवसांनी धनेश एका फांदीवर स्थिर बसला आणि कान दिला. खरेच, ओढ्यापलीकडून गलका येत होता.

"ओढ्यापलीकडचा वड पिकला!" तो ओरडला.

वड लालेलाल झाला होता. फांदीफांदीवर हिरवे-पिवळे हरियाल बसले होते. एक म्हातारा हरियाल मान वाकडी करून म्हणाला, "या या, पेठकर! वाट सापडली का?"

धनेशाने मान खाली घातली. "काका, पिल्लं उपाशी आहेत."

म्हातारा लगेच बाजूला सरकला. "अरे, मग बोलतोस काय? आधी गळा भर. हा वड इथे कुणी आणला, माहीत आहे? तुझ्या आजोबांच्या विष्ठेतून पडलेलं बी आहे हे. त्याच्यावर आम्ही सगळे जगतो. तुला कोण अडवणार?"

अंधार पडायच्या आत धनेशाने तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला पिल्लांचा आवाज पुन्हा मोठा झाला, आणि या वेळी तो ऐकायला थांबला.

जांभळे पिकली तेव्हा धनेशिणीने लिंपण फोडले आणि पिल्ले बाहेर आली. थोरल्याने खाली पाहिले. शेजारच्या धनेशांच्या ढोल्यांखाली इवलीइवली रोपे वर आली होती. त्यांच्या ढोलीखाली मात्र माती उघडीच होती.

"बाबा, ते चकचकीत काय आहे?"

"मी आणलेल्या फळांवरचे कागद."

"ते उगवत नाहीत का?"

धनेश उडाला, एक टपोरे जांभूळ घेऊन आला आणि पोराच्या चोचीत ठेवले. "गर तू खा," तो म्हणाला, "आणि बी खाली टाक. मग चल माझ्याबरोबर फेऱ्याला. पोट भरलं असलं तरी."

तात्पर्य : लांबून आलेले फळ गोड असेल तर आनंदाने खावे, पण जवळच्या झाडाची विचारपूस सोडू नये आणि त्याचे बी मातीत टाकायला विसरू नये.