विहिरीतली सुरी

“मग गावानं मटण सोडलं, ते चुकलं का बाबा?”

भानुदास सरगर डोंगरावरच्या तकियाच्या, म्हणजे फकिराच्या मठीच्या, पायरीवर बसून विचारत होता. आत नूरशा फकीर शिळी भाकरी पाण्यात भिजवत होते.

भानुदासने पुष्कळ वाचलं होतं. जनावर जंगल खातं, म्हणून माणसानं जनावर खाणं सोडलं तर जनावरं कमी पाळली जातील, डोंगर पुन्हा झाडीनं झाकला जाईल, झरा वाहील, असं त्यानं गावाला पटवलं होतं. पीराला बोकड कापून गावजेवण घालायची कंदुरी बंद झाली. बोकड कापायची सुरी त्यानंच सगळ्यांदेखत तकियाच्या विहिरीत टाकली. तेव्हा विहिरीला पाणी होतं.

पण नवसाचा, कान चिरलेला बोकड पीराचा. तो विकायचा नाही, बांधायचा नाही, हाकलायचाही नाही. लोक नवस करत राहिले, बोकड डोंगरावर सोडत राहिले. भानुदासने लावलेली कडुनिंबाची, आवळ्याची रोपं त्यांनी बुडख्यापर्यंत खाल्ली. झरा आटला. सरगरांच्या पुण्याईनं बोकड म्हातारे व्हायला लागले, असं पारावर लोक म्हणत.

उद्या गाव बैठकीला बसणार होतं. कंदुरी सुरू झाली नाही, तर पीर कोपला म्हणून अर्धी घरं गाव सोडून हलणार होती. पहिलं घर भानुदासच्या थोरल्या भावाचं.

“तुम्ही सांगाल तसं करतो,” भानुदास म्हणाला.

फकीर उठले. त्याला विहिरीपाशी घेऊन गेले.

तळाला भेगा पडलेला गाळ होता. त्यात सुरी उघडी पडली होती.

“उतरू?”

“कापल्यावर पाणी येईल?”

“… नाही. कापत होतो तेव्हाही डोंगर बोडकाच होता.”

“आणि नाही कापलं तर?”



मागे काटे मोडल्याचा आवाज झाला. फकिरांनी वजूच्या, नमाजाआधी हातपाय धुतलेल्या पाण्यावर जगवलेलं एक कडुनिंबाचं रोप अंगणात होतं. डोंगरावरचं तेवढंच उरलेलं. कान चिरलेला एक बोकड बाभळीच्या कुंपणात तोंड घालून ते ओढत होता.

भानुदासने दगड उचलला.

फकिरांनी त्याचं मनगट धरलं. जोरानं नाही.

“अहो, शेवटचं आहे ते, बाबा.”

“हं.”

बोकडाच्या बरगड्या मोजता येत होत्या. त्यानं शेंडा खाल्ला. मग साल सोलली. दोघं बघत उभे राहिले…

भानुदासच्या हातातला दगड खाली पडला.

“उद्या मी गावाला काय सांगू?”

फकिरांनी भिजवलेल्या भाकरीची थाळी आणली आणि बोकडापुढे ठेवली. बराच वेळ ते त्याच्या चिरलेल्या कानावरून हात फिरवत राहिले.

“सुरी तू विहिरीत टाकलीस, भानुदास… भूक कुठं टाकली होतीस?”