पळीभर पाणी

ही गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली, त्यांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत.

एका डोंगराळ मुलखात एक राजा राज्य करत होता. तिथली थंडी भारी कडक. दिवाळी सरली की पहाटे गवतावर हिव पडायचं आणि कोवळी झाडं पाहता पाहता काळी पडायची. म्हणून तिथले लोक आधीच कुंड्या उचलून घरात आणत आणि होळीनंतर पुन्हा अंगणात नेऊन ठेवत.

राजाची राणी खालच्या उबदार मुलखातली. सासरी येताना तिनं माहेरून मोगऱ्याचं रोप आणलं होतं. त्या मुलखात दुसरा मोगरा नव्हता. उन्हाळ्यात तो फुलला की वास थेट राजवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत यायचा. राजा दरबारातून परतला की आधी ओंजळभर फुलं हुंगायचा आणि मगच जेवायला बसायचा. हिवाळ्यात ती कुंडी राणीच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीपाशी असे. त्या दिवसांत राजा तिकडे फिरकत नसे. पानं गळालेल्या झाडापाशी बसून करायचं काय, असं त्याला वाटे.

राजाची थोरली बहीण मात्र तिथे बसायची. तिला सगळे आक्का म्हणत. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली होती. ती वाती वळायची, राणी झाडाचं बघायची, आणि दोघींच्या गप्पा चालायच्या.

एका वर्षी पावसाळा संपता संपता राणीला ताप आला. तो उतरलाच नाही. शेवटच्या दिवशी तिनं राजाचा हात धरला.

"माझा मोगरा एवढी थंडी सांभाळा," ती म्हणाली. "उन्हाळा लागला की त्याच्या फांद्या लावून तळ्याकाठच्या उतारावर बाग करा. पाण्याला येणाऱ्या बायकांना वास येऊ दे."

"करीन," राजा म्हणाला. "शब्द देतो."

राणी गेली. राजाचं जगच रिकामं झालं. आता त्याला जपायला एकच गोष्ट उरली होती, तो मोगरा.

पहिल्याच दिवशी त्यानं कुंडी दरबारात आणवली. राणीच्या रिकाम्या आसनाशेजारी ती ठेवली आणि दोन्ही बाजूंना शेगड्या पेटवल्या. राणीच्या खिडकीत एक लहान कुंडी मागे राहिली. पावसाळ्यात राणीनं मोगऱ्याची एक फांदी वाकवून त्या कुंडीच्या मातीत दाबली होती आणि मुळं धरल्यावर ती मूळ झाडापासून वेगळी केली होती. चाकरांना तिच्यात दोन काटक्या दिसल्या. त्यांनी ती तिथेच सोडली.

आता त्या राज्याची एक रीत सांगायला हवी. कुणी वारलं की भेटायला येणारा माणूस गेलेल्याच्या आवडत्या झाडाला पळीभर पाणी घाली आणि हात जोडी. आंब्याला घाला, वडाला घाला, जमिनीतल्या झाडाला त्याचं काही वाटत नसे. रीत चांगलीच होती. पण राणीचं आवडतं झाड कुंडीत होतं, आणि दिवस थंडीचे होते.

राणी सगळ्यांची लाडकी. गावोगावचे लोक आले. कुंभार आले, मेंढपाळ आले, लेकुरवाळ्या बाया आल्या. प्रत्येकानं पळीभर पाणी घातलं आणि प्रत्येकाचे डोळे भरून आले. त्यांच्या मनात खोट नव्हती हो, एकाच्याही नव्हती.

मोगऱ्याची पानं पिवळी पडू लागली.

"झाड राणीसाहेबांसाठी झुरतंय," प्रधान म्हणाला.

"त्याला अजून माया हवी," सेनापती म्हणाला. झाडाबद्दल त्याला काय कळत होतं देव जाणे, पण राजाला बरं वाटेल असं बोलण्यात तो कधी मागे पडत नसे.

राजानं पाणी वाढवलं. पाण्यात गूळ घातला, दूध घातलं. रोज सकाळी तो स्वतः पळी हातात घेई आणि त्याच्यामागे सगळा दरबार रांगेनं उभा राही. त्या रांगेत एकच माणूस नसे.

"आक्का," एक दिवस राजा सगळ्यांदेखत म्हणाला, "सगळं राज्य पाणी घालतं. तू का घालत नाहीस?"

"महाराज, झाड झुरत नाही, निजलंय," आक्का म्हणाली. "थंडीत ते निजतं. राणी मातीत बोट घालून बघायची. कोरडी लागली तरच घोटभर पाणी. शेगडीजवळ तर तिनं ते कधीच ठेवलं नाही."

राजाचा चेहरा उतरला. "म्हणजे मी तिच्या झाडाला तहानलेलं ठेवू? तुला तिची आठवण येत नसेल, मला येते."

हे शब्द आक्काला फार लागले. ती उठून गेली आणि पुन्हा दरबारात आली नाही. खरं सांगायचं तर इथे तीही चुकली. तिनं पुन्हा सांगायला हवं होतं, भांडायला हवं होतं. पण माणूस दुखावला की रुसून बसणं त्याला सोपं वाटतं.

इकडे राजा बागेच्या आखणीत बुडून गेला. तळ्याकाठच्या उतारावर फक्कीच्या रेघा पडल्या. कुठे पायवाट, कुठे बायकांना टेकायला दगडी ओटा, कुठल्या ओळीत किती झाडं, सगळं ठरलं. गोठलेल्या जमिनीत कुदळी मारून माणसांनी शेकडो खड्डे खणले. राजा रोज तिथे उभा राही आणि त्याला फुललेला उतार दिसे. ज्या एका झाडातून हे सगळं यायचं होतं, त्याची माती कशी आहे हे त्यानं एकदाही हात लावून पाहिलं नाही.

होळी झाली. ऊन तापलं. ठरलेल्या दिवशी वाजतगाजत मोगऱ्याची कुंडी उतारावर आणली. सगळं गाव जमलं होतं. राजानं हातात सुरी घेतली आणि पहिली फांदी कापली.

फांदी आतून तपकिरी होती. त्यानं दुसरी कापली, तिसरी कापली. एकीतही हिरवा ठिपका नव्हता. त्यानं बुंधा धरला, तर झाड अलगद हातात आलं. मुळं काळी, लिबलिबीत झाली होती, आणि कुजका वास सुटला होता. ताशे थांबले.

राजा मातीतच बसला. "मी काय कमी केलं?" तो म्हणाला. "सांगा कुणीतरी, मी काय कमी केलं?"

हो ला हो करणारे सगळे खाली बघत होते. गर्दीतून आक्का पुढे आली आणि भावाशेजारी बसली.

"कमी काहीच केलं नाहीस रे," ती म्हणाली. "तुझं दुःख मोठं होतं. ते सगळं या एवढ्याशा कुंडीत कसं मावायचं?"

"तिनं मला का नाही सांगितलं, कसं सांभाळायचं ते?"

"तू विचारलंस का कधी? ती इतके हिवाळे त्या खिडकीपाशी बसली. तू एकदा तरी जवळ येऊन बसलास?"

राजा रडला. राणी गेली त्या दिवशी सगळ्यांसमोर तो रडला नव्हता. आज रडला.

मग आक्कानं पदराआडून लहान कुंडी काढली. थंडीभर ती पूर्वेच्या खिडकीत राहिली होती. आक्का कधीतरी मातीत बोट घालून बघे आणि बहुतेक वेळा तशीच परत जाई. त्या दोन काटक्यांवर आता मोहरीएवढे हिरवे कोंब फुटले होते.

"मीही रुसून बसले," आक्का म्हणाली. "नाहीतर थोरलं झाडही वाचलं असतं. हे एवढंच उरलंय."

राजानं कुंडी दोन्ही हातांनी घेतली. सवयीनं त्याचा हात पळीकडे गेला, आणि थांबला. त्यानं पळी खाली ठेवली, मातीत बोट घातलं आणि बहिणीकडे पाहिलं.

"आक्का, आज याला पाणी हवं का?"

"आज नको," आक्का म्हणाली. "उद्या पुन्हा बघू."

त्या उन्हाळ्यात शेकडो खड्ड्यांपैकी एकाच खड्ड्यात मोगरा लागला. उरलेले पावसानं भरून गेले. राजानं ते बुजवू दिले नाहीत. तो दर पावसाळ्यात एखाददुसरी फांदी मातीत दाबी, थंडीत जमिनीतल्या झाडांवर गवताचं पांघरूण घाली, नव्या कुंड्या खिडकीत नेई आणि त्यांच्याजवळ गप्प बसून राही. सगळा उतार पांढरा झाला तेव्हा आक्का राहिली नव्हती, आणि म्हाताऱ्या राजाला दिसेनासं झालं होतं. त्याला लोकांनी हाताला धरून तिथे नेलं आणि वासावरून त्याला कळलं की आपला शब्द पुरा झाला.

ज्याला जपायचं त्याची गरज आधी ओळखावी. आपल्या मनाची तहान त्याच्या मुळाशी ओतू नये.